ब्रेकच्या नळीची गाडी

नऊ वर्षं मी गुडगावात राहिले आणि नऊ वर्षं प्रत्येक फाटकावर माझं डोकं फिरत राहिलं. आमची सोसायटी असो, मैत्रिणीची असो, नवऱ्याच्या ऑफिसची काचेची इमारत असो, आत जायचं म्हणजे आधी वही. नाव, गाडीचा नंबर, कुणाला भेटायचंय, आणि चौथा रकाना, कंपनी. बाई दिसली की तो रकाना गार्ड स्वतःच भरून टाकायचे, म्हणजे त्यात एक आडवी रेघ ओढायचे. एकदा मी म्हटलं, "भैया, मैं इंजीनियर हूँ." तो म्हणाला, "अच्छा जी," आणि रेघ जरा आणखी गडद केली.

मी खरंच इंजिनियर होते. भोसरीला एका कारखान्यात जिग बनवायचे. जिग म्हणजे साचाच म्हणा. गाडीच्या सांगाड्याच्या नळ्या वेल्डिंग होईपर्यंत जागच्या हलू नयेत म्हणून त्यांना धरून ठेवणारा. काम चोख होतं माझं. मग नवऱ्याची बदली झाली. "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला. दोन वर्षं संपली तेव्हा सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, मग भाड्याचं घर सोडून नव्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर आलो, मग मंदी आली. अर्ज मी पाठवत होते. फोन यायचे ते कॉल सेंटरचे. "मॅम, आपका ॲक्सेंट बहुत अच्छा है." मी फोन आपटायचे आणि नंतर बाल्कनीत जाऊन समोरच्या क्रेन बघत बसायचे. सगळं शहर बांधलं जात होतं आणि मी त्यात कशाला हातसुद्धा लावत नव्हते. वाईट वाटायचं, फार वाईट वाटायचं. पण बोलून कुणाला दाखवणार?

तेवढ्यात नवरा कंपनीच्या कामासाठी चार महिने अमेरिकेला जाऊन आला आणि येताना एक खेळणं घेऊन आला. खेळणं म्हटलेलं त्याला आवडायचं नाही. "रॉक क्रॉलर आहे ती," तो म्हणायचा. बुटाच्या खोक्याएवढी गाडी, चारही चाकांना जोर, मऊ जाड टायर, आणि हातात रिमोट. ही गाडी पळत नाही. खडकांवर चढते, तीसुद्धा इतकी हळू की बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागावा. आमच्या सोसायटीमागे तेव्हा अरवलीच्या टेकड्या शिल्लक होत्या, कीकरची, म्हणजे बाभळीची, झुडपं आणि बसके, भाजलेले खडक. रविवारी सकाळी चार-पाच आयटीवाले आपापल्या गाड्या घेऊन तिथं उकिडवे बसायचे. माझा नवराही त्यांत जाऊन बसला. पहिल्याच रविवारी त्याची गाडी एका खडकावरून कोलांट्या खात खाली आली आणि तिचा प्लास्टिकचा सांगाडा मधोमध तडकला.

त्याचं तोंड इतकं पडलं होतं की दुसरी एखादी बायको गप्प बसली असती. मी म्हटलं, "प्लास्टिक वापरलंय, दुसरं काय होणार! ब्रेकच्या नळीचा सांगाडा केला असता ना, ही गाडी या टेकडीवरून टाकली असती तरी काही झालं नसतं."

"मग कर की," तो म्हणाला.

"करीन की!"

झालं. त्यानं तुटकी गाडी फ्रिजवर ठेवली आणि आम्ही दोघंही विसरलो.

दोन दिवसांनी मी भेंडी चिरत असताना फोन वाजला. मानेसरच्या एका कारखान्याचा होता. गाड्यांचे सांगाडे बनवणारा कारखाना, त्यांच्या जिगच्या खात्यात जागा होती, आणि माझा पाच महिन्यांपूर्वीचा अर्ज कुणीतरी खरंच वाचला होता. पलीकडचे साहेब स्वतः बोलत होते. सगळं ठीक चाललं होतं. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला, ज्याच्यावर मी दर वेळी अडकायचे. "आजकल क्या काम कर रही हैं आप?"

माझी नजर फ्रिजवर गेली. आणि मी, देवाशप्पथ, डोळ्याची पापणी न लवता म्हटलं, "एक ट्यूब चासी बना रही हूँ. रॉक क्रॉलर के लिए."

पलीकडचा आवाजच बदलला. "अच्छा! तो गाड़ी साथ ले आइए. तीन हफ्ते बाद, शुक्रवार को. गेट पे बता दूँगा कि एक गाड़ी अंदर आएगी. ट्रेलर पे लाएँगी?"

"नहीं सर," मी म्हटलं, "मैं खुद ले आऊँगी."

फोन ठेवला आणि मला घाम फुटला. गाडी केवढी आहे हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे गाडी नव्हतीच.

सासूबाई ओट्याशी टाक घुसळत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्या सासूबाई म्हणजे वरून तूप आणि आत मोहरी. मला वाटलं, आता खोटं बोलल्याबद्दल ऐकून घ्यावं लागणार. त्या म्हणाल्या, "तीन आठवडे आहेत ना? मग उभी काय राहिलीस खांबासारखी? भेंडी मी चिरते."

दुसऱ्या दिवशी मी करोल बागेत गेले. मेट्रो गुडगावपर्यंत यायची होती अजून, द्वारकेपर्यंत बसनं जायचं आणि तिथून पुढं मेट्रो. करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत, एकाला एक चिकटून. ब्रेकच्या तेलाची पोलादी नळी मिळाली. करंगळीहून बारीक, हातानं वाकवता येईल अशी आणि वाकवल्यावर तशीच राहील अशी. वेटोळं गळ्यात अडकवून मी घरी आले तेव्हा लिफ्टमधली बाई दोन पावलं मागं सरकली.

आता साचा हवा. सपाट, जड, लाकडी काहीतरी, ज्यात खिळे ठोकता येतील. नवव्या मजल्यावरच्या घरात काय असणार? सगळं फर्निचर पोकळ. मी घरभर फिरले आणि माळ्यावर सापडले दोन पाट. आमच्या लग्नातले, सागवानी, कडेला पितळी फुलं. डायनिंग टेबल आल्यापासून वर्षातून एकदा औक्षणाला निघायचे. मी एक खाली घेतला आणि हातोडी उचलली तशा सासूबाई धावत आल्या, म्हणजे गुडघा परवानगी देईल तेवढ्या धावत.

"थांब थांब! तो त्याचा आहे."

"आई, दोन्ही सारखेच आहेत."

"सारखे कसे? मला ओळखता येतात. त्याच्या पाटाला हात लावायचा नाही. तुझा आहे तो, त्याला काय खिळे मारायचे ते मार."

मग मी माझ्याच लग्नाच्या पाटावर पेन्सिलीनं गाडीचा आराखडा काढला आणि खिळे ठोकले. जिथं मी कधीकाळी शालू सावरत बसले होते तिथं आता चाकांच्या जागा होत्या. नवरा ऑफिसातून आला, पाट बघितला, आईकडं बघितलं आणि बूट काढायला गेला.

नळी वाकवायला साचा म्हणून पितळी खलबत्ता घेतला. खलाच्या गोल अंगाभोवती नळी ओढायची. पहिलीच नळी वाकण्याच्या जागी चेपली, दुसरीही चेपली. मला आठवलं, कारखान्यात आत वाळू ठासून भरत, म्हणजे पोकळी राहत नाही आणि नळी चेपत नाही. वाळू गुडगावात काय, दाराबाहेर ढिगानं होती. पण ओली. आणि मी ती वाटीत घेऊन स्वैपाकघरात शिरले तशी सासूबाईंनी मला वाटीसकट बाहेर काढलं. मीठ चालेल का? गंजेल. साखर? चिकटेल. मग कोरडं, बारीक, सुटं असं काय आहे घरात?

"रवा," मी म्हटलं.

"जाड का बारीक?" त्यांनी तितक्याच शांतपणे विचारलं आणि डबा काढला.

बारीक रवा चांगला बसतो. सासूबाई फनेलनं भरायच्या, मी नळी ओट्यावर आपटून आपटून ठासायचे, टोकांना कापसाचे बोळे. आणि नळी वाकली! सुरेख, गोल, कुठं एक सुरकुती नाही. मी ओरडलेच. नऊ वर्षांनी माझ्या हातातून काहीतरी जसं मनात होतं तसंच बाहेर आलं होतं. आम्ही दोघी चार दिवस नळ्या वाकवत होतो. नंतर रवा झटकून काढायचा, परातीत जमवायचा, पुन्हा भरायचा. "याचा उपमा नाही हं करायचा," मी म्हटलं. "मी कशाला खाऊ? तुझ्या नवऱ्याला घालू," त्या म्हणाल्या.

सांगाडा पाटावर तारेनं बांधून तयार झाला. आता जोडायचा. इथं माझी हवा गेली. वेल्डिंगवाल्यानं पहिल्याच ठिणगीत नळीला भोक पाडलं. दुसरा म्हणाला, "मैडम, ये तो कागज़ है." तिसऱ्यानं हात लावला नाही. ज्याच्याकडून नळी घेतली होती त्याच्याकडे मी पाट घेऊन परत गेले आणि सगळा राग त्याच्यावर काढला. तो बिचारा ऐकत राहिला आणि म्हणाला, "इसको तो सुनार ही जोड़ेगा जी. पीछे की गली में पूछो."

करोल बागेत हे एक बरं आहे, इकडं गाड्यांचे भाग आणि पलीकडच्या गल्लीत दागिने. पण लोखंड बघून सराफ अंग चोरायचे. एकानं हात जोडले. शेवटी कुणीतरी एका अरुंद जिन्याकडं बोट दाखवलं. वर एक खोली, सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायची भट्टी, आणि भट्टीपुढं मांडी घालून बसलेले पन्नाशीचे एक गृहस्थ. मी हिंदीत सगळं सांगितलं. त्यांनी हिंदीत ऐकून घेतलं. पाट फिरवून फिरवून बघितला, पितळी फुलांवर अंगठा फिरवला. म्हणाले, चांदीचा डाग देऊ, लोखंडावर पण बसतो. सोनारकामात जोडाला डाग म्हणतात. लाकूड जळू नये म्हणून त्यांनी प्रत्येक जोडाखाली खापरीचा तुकडा सरकवला, टाकणखार लावला, आणि गॅसची बत्ती पेटवली.

पहिला डाग झाला. एखाद्या बांगडीचा असावा तसा, बारीक आणि चकचकीत. दुसरा, तिसरा. चौथ्या जोडाशी बत्ती आली आणि खोलीत एक वास पसरू लागला. खमंग, तुपाशिवायचा, पण ओळखीचा. मी कपाळाला हात लावला. एका वाकणात रवा ठासून बसला होता आणि माझ्या झटकण्यानं निघाला नव्हता. बत्तीची आच नळीतून आत गेली होती आणि रवा भाजला जात होता.

त्या गृहस्थांचा हात थांबला. त्यांनी नाक वर केलं, जिन्याकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "आरं तिच्या! रवा कोन भाजतंय?"

मी बघतच राहिले. "तुम्ही मराठी आहात?"

"मी इट्याचा. म्हंजी विटा, सांगलीकडं. तुम्ही?"

"पुण्याची."

"मग मगाधरनं हिंदी कशापायी फाडताय?"

"तुम्हीच फाडत होतात! मी आपली तुमच्या मागं."

मग जे हसलो आम्ही! ते तर बत्ती बंद करून हसले. नळीत रवा का भरला ते मी सांगितलं तेव्हा त्यांनी पलीकडच्या खोलीतल्या दोघांना हाक मारून बोलावलं आणि त्यांना पुन्हा सगळं सांगायला लावलं. विट्याकडचे लोक हे गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, काम करायला देशभर गेलेत, हे मी ऐकून होते. नऊ वर्षं दिल्लीच्या अंगणात राहून एकालाही भेटले नव्हते. काकांनी, एव्हाना ते माझे काका झाले होते, चहा मागवला. विचारलं, ही गाडी कशासाठी. मी आधी थोडं सांगितलं, मग सगळंच सांगून टाकलं. रेघेचं, फोनवरच्या थापेचं, मुलाखतीचं. त्यांनी मधे एकदाही "अरे बापरे" केलं नाही, ऐकत डाग देत राहिले. शेवटचा एक जोड उरला आणि त्यांनी बत्ती माझ्या हातात दिली.

"ह्यो तुम्ही द्या."

"काका, मला नाही येत. मी फक्त साचे बनवायचे, जोडायचे दुसरे."

"म्हणून तर. समदे डाग मीच दिले तर गाडी माझी झाली. तुम्ही कुनाची गाडी घेऊन जानार तिथं?"

मी दिला. वाईट दिला. चांदीचा ओघळ, एखादा फोड उठावा तसा. त्यांनी बघितलं आणि गाडी कागदात गुंडाळून दिली. मेट्रोच्या तपासणीला ती यंत्रातून जाताना पलीकडच्या शिपायानं मान पुढं काढून विचारलं, "ये क्या है?" मी म्हटलं, "पिंजरा." त्यानं पाट बघितला, मला बघितलं आणि जाऊ दिलं.

रविवारी चाचणी. नवऱ्यानं मोटर, चाकं, बॅटरी बसवून दिली. त्याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे, चार रात्री तो क्रिकेट सोडून बसला होता. टेकडीवर सासूबाई घडीच्या खुर्चीत छत्री धरून. आयटीवाले गोळा झाले. गाडी खडकावर चढली, एक चाक हवेत, सांगाडा वाकडा झाला, सरळ झाला, पुन्हा चढली. माथ्यावर पोचतेय तोच टक्‌ असा आवाज आला. एक जोड उघडला होता. कुठला ते सांगायला नकोच.

मला तिथंच रडू आलं. लोकांसमोर, भर उन्हात. नवरा म्हणाला, "अगं, एक जोड तर आहे, काका करून देतील." सासूबाई म्हणाल्या, "आधी नाक पूस."

सोमवारी करोल बाग बंद. मंगळवारी मी जिना चढले तो पाय आपटतच. काकांनी उघडलेला जोड भिंगातून बघितला आणि बत्ती माझ्यापुढं सरकवली.

"पुन्ना द्या."

"काका, शुक्रवारी मुलाखत आहे! तुम्हाला एक मिनिट लागेल. माझी नोकरी आहे यावर!"

"म्हणून तर," ते म्हणाले. माझा पारा चढला. मी पिशवी उचलली, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलेसुद्धा. खाली गल्लीत कुठं जाणार होते? कुणी लोखंडाला हात लावणार नव्हतं. परत वर आले. ते जागचे हलले नव्हते.

"काय चुकलं सांगा तरी," मी म्हटलं.

"तुम्ही चांदी तापवली. चांदी नाही तापवायची, नळी तापवायची. नळी लाल झाली की चांदी आपसूक पळती तिच्याकडं. घाई केली की ती वर वर बसती, धरत न्हाई."

मी नळी तापवली. लाल होईपर्यंत थांबले. ते बघत होते, पण एकदाही त्यांनी माझ्या मनगटाला हात लावला नाही. चांदी टेकवली. आणि ती पळाली, खरंच पळाली, फटीत शिरून दिसेनाशी झाली. वरून तो डाग ओबडधोबडच दिसत होता, कारण जुन्याचे ओघळ तसेच होते. मी म्हटलं, घासून काढू का? ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तेवढं तरी खरं दिसू द्या."

शुक्रवारी नवऱ्यानं मला मानेसरला सोडलं. साडी नको, सलवार-कमीज नको, मी माझा जुना भोसरीचा निळा शर्ट घातला होता. बटणं लागत होती, म्हणजे श्वास न घेतल्यास लागत होती. फाटकावर वही आली. गार्डनं कंपनीच्या रकान्यावर पेन नेलं आणि मी ते त्याच्या हातातून काढूनच घेतलं. काय लिहू? मग लिहिलं, "घर".

"गाड़ी कहाँ है मैडम? साहब ने बोला है एक गाड़ी अंदर आएगी. मैंने पार्किंग भी खाली करवा रखी है."

मी पिशवीतून गाडी काढून टेबलावर ठेवली. त्यानं गाडीकडं बघितलं, तारा बघितल्या, बॅटरी बघितली, रिमोट बघितला आणि खुर्ची मागं ढकलून उभा राहिला. तारा आणि रिमोट असलेली वस्तू साहेबांच्या सहीशिवाय आत जाणार नाही, म्हणाला. आत फोन गेला. मी फाटकावर उभी. घड्याळात मुलाखतीची वेळ येऊन गेली. नवरा रस्त्यापलीकडून मला अंगठा दाखवत होता आणि त्याचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

साहेब स्वतः खाली आले. टक्कल, दुमडलेल्या बाह्या, शर्टावर ग्रीसचा डाग. ते बघून मला जरा धीर आला. त्यांनीही आधी पार्किंगकडं बघितलं, मग टेबलाकडं. त्यांना कळलं. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात ते खो खो हसायला लागले. मग त्यांनी गाडी हातात घेतली. फाटकाशी रस्त्याच्या कामाचा राडारोडा पडला होता, त्याच्याजवळ ते उकिडवे बसले. मीही बसले. त्यांनी सांगाडा उलटा केला आणि एकेका जोडावर अंगठा दाबत गेले.

"ये तो किसी सुनार का हाथ है."

खोटं बोलायची ती वेळ होती. एकदा फोनवर बोलले होते, पचलं होतं. "जी सर. करोल बाग में करवाया है. डिज़ाइन, साचा, नळी वाकवणं... मतलब बेंडिंग, सब मेरा. जोड़ उनके हैं."

"और ये?" त्यांचा अंगठा नेमका तिथंच थांबला होता.

"ये मेरा है. दो बार किया. पहली बार टूट गया था."

"क्यों टूटा?"

"मैंने चांदी गरम की थी सर. पाइप ठंडा था."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग तो जोड दोन्ही हातांनी धरून पिळला. खरंच पिळला, जोर लावून, मान लाल होईपर्यंत. जोडाला काही झालं नाही. त्यांनी गाडी राडारोड्याच्या पायथ्याशी ठेवली आणि म्हणाले, "चलाइए."

ती चढली. विटांचे तुकडे, सळया, सिमेंटचं ढेकूळ. मधे एकदा अडली, मी मागं घेतली, तिरकी लावली, पुन्हा चढवली. फाटकावरचे तीनही गार्ड येऊन उभे राहिले होते आणि माथ्यावर पोचली तेव्हा ज्यानं रेघ ओढायला पेन उचललं होतं त्यानंच पहिली टाळी वाजवली.

साहेबांनी वहीत सही केली. सही करताना माझ्या ओळीवर त्यांची नजर थांबली. "कंपनी, घर," त्यांनी मोठ्यानं वाचलं. हसले नाहीत. मुलाखत वर अजून तासभर चालली, त्यात काय विचारलं ते मला आता आठवतही नाही. पत्र आठवड्यानं आलं. सासूबाईंनी ते देवापुढं ठेवलं, मग काढून स्वतः तीनदा वाचलं, आणि मग माळ्यावरून माझा पाट काढून मला त्यावर बसवून ओवाळलं. खिळ्यांची भोकं आणि बत्तीचे काळे चट्टे तसेच होते. "टोचतंय का?" त्यांनी विचारलं. "नाही," मी म्हटलं. खरं तर एक खिळा राहिला होता.

रुजू व्हायच्या आदल्या रविवारी मी डबा घेऊन करोल बागेत गेले. शिरा होता. बारीक रव्याचा, भरपूर तुपाचा, मीच केलेला. जिना चढताना काय काय बोलायचं ते मनात मांडत होते. पत्र दाखवीन, पाया पडीन, सगळं पहिल्यापासून सांगीन. काका भट्टीशी बसले होते. मला बघितलं आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी एवढंच विचारलं.

"त्यो तुमचा डाग टिकला का?"

"टिकला. त्यांनी दोन्ही हातांनी पिळून बघितला."

त्यांनी मान हलवली. नोकरीचं विचारलंच नाही. डबा उघडला, वास घेतला, पलीकडच्या दोघांना हाक मारली. "हिकडं या रं, आपल्या पोरीनं शिरा आनलाय." मग पहिला घास तोंडात टाकला आणि लगेच दुसरा उचलला. मी पत्र पिशवीतच राहू दिलं.